ज्येष्ठ वकिलाचे समाजकार्य कशात मोजायचे?

वकिलीला चाळीस वर्षे झाली की सत्कार ठरलेलाच. शाल, श्रीफळ आणि चौकटीतले मानपत्र. अशी मानपत्रे वाचायची मला खोड आहे, आणि त्यातला एक क्रम सहसा चुकत नाही. सुरुवातीला 'दिवाणी व फौजदारी अशा दोन्ही शाखांत आपण नावलौकिक मिळवला' एवढे एक वाक्य, आणि लगेच 'आपले सामाजिक कार्य' सुरू. शिक्षणसंस्थेचे विश्वस्त, सहकारी बँकेचे संचालक, वाचनालयाचे अध्यक्ष, रक्तदान शिबिरे, गरजू विद्यार्थ्यांना वह्यावाटप. ज्या जागी या माणसाने उमेदीची सगळी वर्षे काढली, त्या जागेचा समाजाशी काही संबंध असेल हे मजकूर लिहिणाऱ्याच्या मनातही आलेले नसते. कोर्टात केला तो व्यवसाय आणि रविवारी केले ते समाजकार्य, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. वकिलांनीही ती खुशीने मान्य केली, कारण ती सोयीची आहे.

ही वाटणी मोडली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. रक्तदान शिबिर कुणीही भरवू शकतो. डॉक्टर, व्यापारी, गणेश मंडळातला विशीतला पोरगासुद्धा. वह्या वाटायला वकिलीची सनद लागत नाही. पण खुनाच्या खटल्यात तिसऱ्या साक्षीदाराला नेमका कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणता गिळून टाकायचा, हे तीस वर्षे उलटतपास घेतलेल्या माणसालाच कळते. समाजाला त्याच्याकडून काही हवे असेल तर ते हे. आणि नेमके हेच, पैसे नसलेल्या माणसाच्या वाट्याला सर्वांत कमी येते.

कायद्याच्या पुस्तकात या बाबतीत काही कमी नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आले आणि मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९७८ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या होसकोट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अपील करू इच्छिणाऱ्या कैद्याला वकील परवडत नसेल तर तो पुरवणे ही दयेची बाब नाही, शासनाची जबाबदारी आहे. पुढच्याच वर्षी हुसेनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, देशासमोर आले. आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती त्याहून जास्त काळ त्यांतले काही जण आत होते. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतील माणसे यांना उत्पन्न न पाहता वकील मिळतो. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलच्या आचारसंहितेतला ४६ वा नियम तर वकिलालाच उद्देशून आहे: आपल्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत गरिबांना व पीडितांना मोफत मदत करणे हे वकिलाचे समाजाप्रति असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे. भाषा इतकी उंच आहे की ती न पाळल्याबद्दल कुणाची सनद गेल्याचे कधी कानावर आलेले नाही.

म्हणजे वकील मिळतो. प्रश्न आहे कोणता वकील मिळतो, हा.

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर, म्हणजे मोफत कामासाठीच्या वकिलांच्या यादीत, चांगली माणसे नसतात असे मी म्हणत नाही. काही जण जीव तोडून काम करतात, तेही अशा मानधनावर की त्यातून झेरॉक्सचा खर्च निघाला तरी पुरे. पण पॅनेलवरचे नाव बहुधा वकिलीत नुकत्याच उतरलेल्याचे असते. त्याला अनुभव हवा असतो, कोर्टाला कागदोपत्री वकील हवा असतो, आणि दोघांची गरज भागते. आरोपीची भागते का, हे निकालाच्या दिवशी कळते. हुशार वकील जसजसा मोठा होतो तसतसा तो या पॅनेलवरून उतरतो. बढती मिळाल्यावर जुनी खुर्ची सोडावी तितक्या सहजपणे.

मध्य प्रदेशातल्या खंडवा जिल्ह्यातला एक खटला या संदर्भात सगळ्यांनी वाचायला हवा. अनोखीलाल नावाच्या तरुणावर २०१३ मध्ये एका लहान मुलीवरील अत्याचार आणि खून असा आरोप होता. गुन्हा इतका भयंकर की कुणाच्याही डोक्यात तिडीक जावी. त्याच्यासाठी विधी साहाय्यातून नेमलेला वकील दोषारोप ठेवायच्या दिवशी हजर झाला नाही. म्हणून त्याच दिवशी दुसरा नेमला, आणि त्याच दिवशी दोषारोपही ठेवला गेला. दोन आठवड्यांच्या आत सगळे साक्षीदार, युक्तिवाद, निकाल आणि फाशी. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि फेरखटल्याचा आदेश दिला. जलद न्याय हवा, पण त्यासाठी न्यायाचा बळी द्यायचा नाही, हा त्या निकालाचा गाभा. त्यात नियमही घालून दिले. ज्या खटल्यात जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते, तिथे न्यायमित्र म्हणून (न्यायालयाने स्वतः मदतीला घेतलेला वकील) किंवा विधी सेवेमार्फत नेमायचा वकील किमान दहा वर्षे वकिली केलेला असावा. तयारीला साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत. उच्च न्यायालयात फाशी कायम करण्याची बाब आली तर आधी वरिष्ठ अधिवक्त्यांचा, म्हणजे न्यायालयाने तो मान दिलेल्या वकिलांचा, विचार व्हावा. पुढचा प्रवासही सरळ झाला नाही, पण मार्च २०२४ मध्ये तो माणूस निर्दोष ठरला. मधली अकरा वर्षे तुरुंगात गेली होती. त्या मुलीच्या आईबापांना काय मिळाले, हा प्रश्न मी विसरलेलो नाही. खटला पहिल्यांदाच नीट लढला गेला असता तर त्यांनाही उत्तर इतक्या वर्षांनी, आणि असे, मिळाले नसते.

'नीट लढणे' म्हणजे काय, हे कोर्टाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. सिनेमातला वकील टेबलावर हात आपटतो. खऱ्या कोर्टात काम फार बारीक असते. समजा, रात्रीची घटना आहे आणि साक्षीदार सरतपासात, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाला उत्तरे देताना, म्हणतो, 'खांबावरच्या दिव्याच्या उजेडात मी आरोपीला पाहिले.' पोलिसांनी आधी घेतलेल्या त्याच्या जबाबात दिव्याचा पत्ताच नाही. जुना वकील लगेच उडी मारत नाही. तो एवढेच विचारतो की दिव्याची गोष्ट पोलिसांना सांगितली होती का. साक्षीदाराचे उत्तर जवळजवळ छापील असते: 'सांगितली होती, जबाबात का लिहिली नाही याचे कारण सांगता येणार नाही.' इथे काम अर्धेच झाले. पुढे महिन्यांनी तपास अधिकारी पिंजऱ्यात येतो तेव्हा त्याच्याकडून वदवून घ्यावे लागते की साक्षीदाराने तसे सांगितले नव्हते. हा दुसरा टप्पा राहिला तर पहिल्याचा उपयोग नाही. कोर्टाच्या लेखी ती तफावत सिद्धच होत नाही. नवख्या वकिलाकडून बहुतेकदा हाच टप्पा राहतो. कधी मधल्या काळात फाइल दुसऱ्याकडे गेलेली असते, कधी त्या तारखेला तो दुसऱ्या कोर्टात असतो आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, 'उलटतपास नाही' असे दोन शब्द पडतात.

दुसरी चूक याहून घातक. तफावत हाती लागली की नवखा वकील खुशीत पुढचा प्रश्न विचारतो: 'मग अंधारात तुम्ही ओळखलेत कसे?' साक्षीदार शांतपणे म्हणतो, 'तो वीस वर्षे माझ्या शेजारी राहतो, साहेब. आवाजावरूनही ओळखतो.' संपले. सरकारी वकिलाला जे सुचले नव्हते ते आरोपीच्याच वकिलाने पुराव्यात आणून दिले. कुठे थांबायचे, हे कुठल्याही लॉ कॉलेजात शिकवता येत नाही. ते वर्षानुवर्षे हरून, जिंकून आणि दुसऱ्यांना हरताना पाहून येते. आणि खालच्या कोर्टात जे नोंदवले गेले नाही ते वर सहसा उभे करता येत नाही. अपिलात मोठ्यातला मोठा वकील आणला तरी त्याला त्याच कागदांवर बोलावे लागते. म्हणून अनुभवाची खरी गरज दिल्लीच्या आधी सत्र न्यायालयात आहे. तिथे गरीब आरोपीला तो मिळत नाही.

दिवाणी बाजूला हेच जरा सावकाश घडते. नवऱ्याच्या मागे दिरांनी सातबाऱ्यावरून नाव उडवले म्हणून वाटपाचा दावा लावणारी बाई घ्या. कलम १२ प्रमाणे तिला वकील मिळेलच. पण समोर गावातला सर्वांत नावाजलेला दिवाणी वकील असतो, आणि तो घाई करत नाही. तारखा पडत राहतात, वारस दाखल करायचे राहतात, एखादा दस्त निशाणी पडायचा, म्हणजे पुराव्यात नोंदला जायचा, राहून जातो. दहा वर्षांनी दावा तिच्याविरुद्ध जातो तेव्हा निकालपत्रात कुठेही लिहिलेले नसते की हिचा वकील कच्चा होता.

आता कुणी म्हणेल, व्यवसाय आणि समाजकार्य एकाच जागी होऊ शकते हे बोलायला ठीक, पण असे कुणी केले आहे का? आपल्याकडे याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. मोठ्या कामांच्या वाटा सॉलिसिटरांच्या, म्हणजे पक्षकारांची कामे बॅरिस्टरांकडे पाठवणाऱ्यांच्या, हातात होत्या आणि जातीमुळे त्या त्यांना बंद होत्या. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांची कचेरी होती, तिथे गोरगरीब अशील येत. याच काळातल्या महाडकडे आपण सत्याग्रह म्हणून पाहतो, आणि तो होताच. पण त्याला एक कोर्टाची बाजूही आहे, ती फारशी सांगितली जात नाही.

मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले, तेव्हा महाडच्या सनातन्यांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दाव्यातले पहिले प्रतिवादी खुद्द आंबेडकर. हजारो माणसे परिषदेला जमली होती, वातावरण तापले होते, तरी मनाई हुकूम मोडायचा नाही आणि सत्याग्रह तहकूब करायचा असे ठरले. त्या क्षणी लोकांना थांबवणे किती अवघड गेले असेल! पण मग त्यांनी तो दावा सोडला नाही. मनाई हुकूम उठवला गेला, महाडच्या कोर्टात निकाल बाजूने लागला, अपील झाले, ते फेटाळले गेले, पुन्हा वर अपील झाले. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: तळ्यावर फक्त सवर्णांचाच हक्क असल्याची 'अनादी काळापासूनची वहिवाट' वादींना सिद्ध करता आलेली नाही. जवळपास दहा वर्षे. या दहा वर्षांत गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, नवा पक्ष निघाला. आणि त्याच वेळी एका तळ्याच्या दाव्यातले पुरावे, वहिवाटीचे कागद, नगरपालिकेचे दफ्तर हे सगळे चालू होते. भाषणाला टाळ्या मिळतात, पुराव्याच्या यादीला मिळत नाहीत. तरी दोन्ही एकाच माणसाने केले, आणि त्याच्या हिशेबात ती दोन खाती नव्हती.

सासवडचे वि. म. तारकुंडे हे दुसरे नाव. १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायासनावरून उतरल्यावर ते दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. जयप्रकाश नारायणांबरोबर नागरी हक्कांच्या चळवळीत राहिले, आणि चळवळीतली प्रकरणे कोर्टातही लढवत राहिले. निवृत्तीनंतर लवादाची कामे घेऊन सुखाने राहता येते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही.

इथे समाजकार्याच्या आपल्या कल्पनेतली खरी अडचण समोर येते. समाजकार्य म्हणजे समाजाला आवडणारे काम, असे आपण धरून चालतो. वकिलाच्या बाबतीत ते बऱ्याचदा उलटे असते. गावात एखादा घृणास्पद गुन्हा घडला की वकील संघटना ठराव करते: आरोपीचे वकीलपत्र आमच्यातला कुणी घेणार नाही. दुसऱ्या दिवशी बातमी येते, लोक पाठ थोपटतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोहम्मद रफी प्रकरणात असे ठराव रद्दबातल असल्याचे स्पष्ट सांगितले, ते व्यवसायाच्या परंपरेलाच काळिमा फासणारे आहेत असे बजावले. तरी ठराव होतच राहतात. अशा वेळी उभा राहणारा वकील त्या आठवड्यापुरता तरी गावाचा शत्रू असतो. नवख्याला हे पेलत नाही, त्याची उभी वकिली त्यात बुडू शकते. ज्याचे नाव झाले आहे, घर बांधून झाले आहे, मुले मार्गी लागली आहेत, त्यालाच हे परवडते. ज्येष्ठतेचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा.

अजमल कसाबच्या खटल्याची आठवण काढली की अजूनही लोक चिडतात, आणि ते समजण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यासाठी राजू रामचंद्रन या वरिष्ठ अधिवक्त्यांना न्यायमित्र नेमले. त्यांनी सगळे मुद्दे मांडले, न्यायालयाने ते ऐकले, तपासले, आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी फाशी कायम केली. त्या निकालाकडे जगात कुणीही बोट दाखवून 'याला बाजूच मांडू दिली नाही' असे म्हणू शकत नाही. ही ताकद त्या निकालाला सरकारी वकिलाएवढीच बचावाच्या वकिलानेही दिली आहे. माझ्या मते तो देशसेवेचाच भाग आहे. पण ते वाक्य कुणाच्या मानपत्रात बसणार नाही, हेही मला कळते.

आता विश्वस्तपदांबद्दल. संस्थांना कायदा कळणारा माणूस लागतो, आणि धर्मादाय आयुक्तांकडची कामे सरळ ठेवणारा विश्वस्त संस्थेला वाचवतो, हे खरे. त्या कामाला मी कमी लेखत नाही. मात्र हेच पद पुष्कळदा पक्षकार जोडण्याचे दार असते. जाहिरात करायला वकिलाला बंदी आहे, पण अध्यक्षपदाला नाही. ज्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आपण आहोत तिच्या बाजूने किंवा विरुद्ध उभे राहू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. संस्थेने काढून टाकलेला शिक्षक शाळा न्यायाधिकरणात येतो तेव्हा या नियमाचे काय होते ते पाहावे. वकीलपत्रावर सही ज्युनियरची असते, सूत्रे मात्र कुणाच्या हातात आहेत हे शिपायालाही माहीत असते. संध्याकाळी तेच साहेब त्याच शाळेच्या पारितोषिक वितरणाला व्यासपीठावर.

मग करायचे काय? नुसते आवाहन करून काही होत नाही, याला ४६ वा नियमच साक्षी आहे. सक्ती केली तर बेगार होते आणि बेगारीने केलेला उलटतपास नसलेलाच बरा. परदेशात तास मोजतात. अमेरिकन बार असोसिएशनचा आदर्श नियम वर्षाला ५० तासांची अपेक्षा ठेवतो, न्यूयॉर्क राज्याने तर सनद मिळण्याआधीच ५० तासांची अट घातली आहे. मला तासांचा हिशेब पटत नाही. पन्नास तासांत चार शिबिरांत भाषणे होतात, आणि कायदेविषयक जनजागृतीची भाषणे आपल्याकडे आधीच उदंड आहेत. मोजायचाच तर खटला मोजावा, दोषारोपापासून निकालापर्यंत.

इथे वरिष्ठ अधिवक्ता या पदाचा विचार करू. अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम १६ प्रमाणे उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय हा मान देते. २०१७ मध्ये इंदिरा जयसिंग प्रकरणात त्यासाठी १०० गुणांची पद्धत आली. त्यात विनामोबदला केलेल्या कामाचा उल्लेख होता, पण तो निकालपत्रे आणि विषयातले प्राविण्य यांच्या जोडीने एकाच ४० गुणांच्या गठ्ठ्यात. २०२३ मध्ये तो गठ्ठा ५० चा झाला. त्यातले गरिबांच्या खटल्याला किती, हे कुणालाच सांगता येत नव्हते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गुणपद्धतच बंद केली, निर्णय पुन्हा त्या त्या न्यायालयाच्या सर्व न्यायाधीशांच्या एकत्रित बैठकीकडे दिला आणि उच्च न्यायालयांना नियम नव्याने करायला सांगितले. जिल्हा व खालच्या न्यायालयांत वकिली करणाऱ्यांचाही या मानासाठी विचार व्हावा, त्यांचे काम कमी दर्जाचे नाही, असेही त्या निकालात आहे. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि त्याकडे जवळजवळ कुणी लक्ष दिलेले नाही.

माझी सूचना साधी आहे. अर्जासोबत प्रत्येकाने गेल्या दहा वर्षांत विधी सेवेमार्फत किंवा न्यायमित्र म्हणून शेवटपर्यंत चालवलेल्या प्रकरणांची यादी द्यावी, आणि ती यादी जाहीर व्हावी. गुण नकोत, यादी पुरे. आणि मान मिळाल्यानंतर वर्षाला एक सत्र खटला किंवा एक अपील, हे गाउनबरोबर येणारे काम समजावे. वरिष्ठ अधिवक्त्याला स्वतः वकीलपत्र दाखल करता येत नाही, दुसऱ्या वकिलाबरोबरच उभे राहावे लागते. ही अडचण नाही, उलट सोय आहे. तो दुसरा वकील म्हणजे प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा नवखा माणूस असेल. उलटतपास कुठे थांबवायचा हे त्याला शेजारी बसून दिसेल.

ज्यांना हा मान नाही पण ज्यांची वीस-पंचवीस वर्षे सत्र न्यायालयात गेली आहेत, अशांची संख्या कितीतरी मोठी आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून प्रमुख जिल्हा न्यायाधीशच असतात. आपल्या कोर्टात कोण काय दर्जाचे काम करतो हे त्यांना जितके माहीत असते तितके कुणालाच नसते. त्यांनी बोलावून सांगितले तर बहुतेक जण नाही म्हणणार नाहीत. खरे सांगायचे तर अनेकांना कुणी विचारलेलेच नसते. मोठ्या वकिलाला गरिबाचे काम सांगायचे म्हणजे त्याचा अपमान, असा एक विचित्र संकोच आपल्या व्यवस्थेत आहे.

एक आक्षेप गंभीर आहे. २०२२ पासून लोकअभिरक्षक कार्यालये आली. पूर्णवेळ पगारी बचाव वकील, मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी कामाचा किमान दहा वर्षांचा अनुभव. मग ज्येष्ठांच्या मर्जीवर चालणारी जुनी पद्धत हवी कशाला? ही योजना चांगली आहे आणि ती वाढली पाहिजे, यात शंका नाही. पण २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते आणि त्यांतले ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी. हा डोंगर एका कार्यालयातल्या मोजक्या लोकांनी उपसायचा आहे. शिवाय ही कार्यालये फौजदारी कामापुरती आहेत. वाटपाचा दावा लावणारी ती बाई तिथे येतच नाही. जामीन, हमीदार मिळत नाही म्हणून अटी बदलून घेणे, रिमांडला उभे राहणे, ही कामे लोकअभिरक्षकांनीच करावीत. त्यासाठी ज्येष्ठाला बोलावणे म्हणजे त्याचा वेळ वाया घालवणे. त्याला बोलवायचे ते साक्षीपुराव्याला आणि अपिलाला.

दुसऱ्या एका गोष्टीबद्दल मात्र सावध राहायला हवे. ज्येष्ठाने 'मोफत' घेतलेले काम त्याच्या चेंबरमधला ज्युनियर करतो. नकला काढणे, टिपणे, तुरुंगात जाऊन आरोपीला भेटणे, सगळे तोच. नाव साहेबांचे, आणि पोराचा महिना तसाच कोरडा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरना शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये महिना विद्यावेतन द्यावे असे सुचवले, पण ती शिफारस आहे, तिला दात नाहीत. तेव्हा अशा खटल्यात ज्येष्ठाने फी घेऊ नये, पण सोबतच्या नवख्या वकिलाला प्राधिकरणाने पोटभर मानधन द्यावे, आणि तेही खटला संपायची वाट न पाहता, टप्प्याटप्प्याने. दुसऱ्याच्या फुकट श्रमावर आपले दातृत्व उभे करायला ज्येष्ठाला मुभा असू नये.

यादी जाहीर करायला नवी यंत्रणा लागत नाही. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावावरून प्रकरणे आजही शोधता येतात. त्यात फक्त एक रकाना वाढवायचा आहे: वकीलपत्र खासगी, की विधी सेवेमार्फत. एवढे केले की सत्कार समितीलाही मजकूर शोधत बसावे लागणार नाही, आणि कोणत्या ज्येष्ठाच्या नावापुढचा तो रकाना चाळीस वर्षे रिकामा आहे, हे मोबाइलवर कुणालाही पाहता येईल. काही वकील संघ या रकान्याला विरोध करतील. त्यांनी तो ठराव करून, लेखी करावा.